स्ट्रॉबेरीचं बोरन्हाण

एका जंगलात, जिथं तोवर कुणाचीच कंबर दुखत नव्हती, भिकाजी नावाचा एक ससा राहत होता.

पोरांनो, नीट बसा. खाजवणं, जांभया, जे काय असेल ते आत्ताच उरकून घ्या. मधेच उठून बाहेर जाल तर घार उचलेल. आणि घार या गोष्टीत आहेच, उगाच भीती घालायला सांगत नाही.

तर भिकाजी. अंगानं वीतभर. कान धरले तर दीड वीत. बायकोचं नाव ठकू. दोनदा ठकू बाळंत झाली आणि दोन्ही वेळा घारीनं पिल्लं नेली. आपल्याकडचा ससा बीळ खणत नाही. गवतात दबून बसतो आणि देवाचं नाव घेतो. घारीला देवाचं नाव ऐकू येत नाही.

तिसऱ्या खेपेला गोदाक्का मधे पडली. गोदाक्का म्हणजे रानडुकरीण. त्या जंगलातली सुईण. अंगाला चिखल, तोंडाला शिव्या, पण हाताला यश.

"ठके, या बारीला उघड्यावर बाळंत झालीस तर मी यायची नाही," ती म्हणाली. "गुमान बोरीखाली ये."

बोर जुनी होती. फांद्या जमिनीला टेकलेल्या आणि फांदीफांदीवर आकडीसारखे वाकडे काटे. खालून सशाला वाट होती, वरून घारीला नव्हती. तिथं ठकूला एक मुलगी झाली. कुणाची नजर लागू नये म्हणून तिचं नाव ठेवलं दगडी. दगडाकडं कोण बघतंय? दगडी महिन्याची झाली, दोन महिन्यांची झाली. घार वरून शंभर चकरा मारून गेली. तिला खाली नुसती बोर दिसायची.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो, ती लक्षात ठेवा. नाहीतर पुढं मला विचाराल आणि मी उत्तर देणार नाही.

त्या जंगलात संक्रांतीला बोरन्हाण असायचं. तुमच्याकडंही असतं. पण तुमच्याकडं कुरमुरे असतात, गोळ्या असतात आणि पोराला रडवून फोटो असतात. तिथं तसं नव्हतं. पोराला बोरीपासून चार उड्या लांब बसवायचं. मग डोक्यावर बोरं ओतायची. पिकली, कच्ची, जशी पडतील तशी. टणाटण. पोर दचकायचं आणि जी धूम ठोकायचं ते थेट काट्यांच्या खाली. बायका हसायच्या. "झालं गं बाई न्हाण!" म्हणायच्या. वरून काही आलं की वर बघत बसायचं नाही, काट्यांत शिरायचं. एवढा एकच धडा त्या जंगलात शिकवत होते, आणि तेवढा पुरत होता.

मग दसऱ्याच्या सुमाराला दिनकरराव परत आला.

दिनकरराव म्हणजे वानर. तो वर्षभर वरच्या थंड पठारावर होता. तिथं माणसं गाड्या घेऊन येतात आणि स्ट्रॉबेरी खातात. दिनकररावानं तिथं काय केलं? माणसांच्या हातातली स्ट्रॉबेरी हिसकावली आणि खाल्ली. दुसरं काही नाही. एका रोपाला पाणी घातलं नाही. पण खाली उतरला तो जाणकार होऊन उतरला. काखेत पांढरे थर्माकोलचे डबे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं आणि तोंडात एक वाक्य.

"मातीत वाकून काम करायचे दिवस गेले," तो म्हणाला. "कंबर जाते."

सगळी जनावरं एकमेकांच्या पाठीमागं बघायला लागली. सशाला कंबर असते हे भिकाजीला त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत ती दुखायलाही लागली.

"डबा उंचावर ठेवायचा," दिनकरराव म्हणाला. "मांडव करायचा दोन हात उंच. डब्याच्या बुडाला भोकं पाडायची. आत माती, शेणखत आणि नारळाचा भुसा. रोप लावताना त्याचा कोंब मातीत गाडायचा नाही. फळाखाली वाळकं गवत. बस. घरच्या घरी स्ट्रॉबेरी. ना गोगलगाय, ना चिखल, ना वाकणं."

हे सगळं बरोबर होतं. माणसाला सांगितलं असतं तर फारच बरोबर होतं. पण दोन हातच का, असं कुणी विचारलं नाही. दोन हातांवर दिनकररावाची कंबर येत होती, म्हणून दोन हात. उभ्या उभ्या हात घातला की फळ.

भिकाजीनं सगळ्यांत आधी मांडव घातला. बोरीसमोर, पायवाटेच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. चार मेढी पक्क्या गाडल्या. वर डबा. आत सहा रोपं. मग रोपं कशी दिसतात ते बघायला गेला, तर त्याला डब्याचं बूड दिसलं. उडी मारली तर क्षणभर एक पान दिसलं. शेवटी त्यानं एक धोंडा ढकलत आणला, त्यावर दुसरा चढवला आणि त्यावर चढून, मागच्या पायांवर उभा राहून, मान ताणून त्यानं आपली बाग बघितली.

गोदाक्का तिथून चालली होती. ती थांबली.

"आरं भिक्या, काय लावलंस हे?"

"वाकायला लागू नये म्हणून उंच केलंय, आक्का."

"तू? तू वाकतोस कधी? तू आईच्या पोटातनं वाकलेलाच आलास की."

"कंबर दुखते."

"कुठं हाय ती, दाव बरं मला. मी सुईण हाय. तुझं सगळं मी बघितलंय."

भिकाजीनं डब्याकडं तोंड फिरवलं. अडाण्यांच्या तोंडी लागू नये, असं दिनकररावानं सांगितलं होतं.

रोज सकाळी त्या जंगलात आता नवा उद्योग सुरू झाला. सावरीच्या झाडावर पोपटांचा थवा बसायचा. खाली सगळी घरं जमायची. आधी सुप्रभात. मग ज्यानं त्यानं आपल्या डब्याची खबर वर सांगायची आणि पोपटांनी ती सगळ्या जंगलाला ओरडून सांगायची.

"भिकाजीकडं तिसरं पान! भिकाजीकडं तिसरं पान!"

"वा! वा! अभिनंदन!"

"भेकराकडं फूल! भेकराकडं फूल!"

"खत कोणतं? खत कोणतं?"

सकाळची चरायची वेळ यातच जायची. भेकराच्या बरगड्या दिसायला लागल्या. पण फूल होतं.

मधे एकदा ठकूनं धोंड्यावर चढून स्ट्रॉबेरीचं एक पान खाल्लं. खाणारच. सशाला पानच आवडतं. फळाचं सशाला काय कौतुक? पण भिकाजीनं असं काही तोंड केलं की जणू तिनं पोटचं पोर खाल्लं. पोपटांपर्यंत बातमी गेली. दोन दिवस सावरीवर तेवढंच चाललं होतं. "ठकूनं पान खाल्लं! ठकूनं पान खाल्लं!" दिनकररावानं मोठ्या मनानं माफ केलं. "घरच्यांना आधी शिकवावं लागतं," तो म्हणाला आणि उभ्या उभ्या भिकाजीच्या डब्यातली माती चाचपली. त्याला वाकावं लागलं नाही.

आणि भिकाजीनं त्याच तोऱ्यात पोपटांना सांगून टाकलं.

"यंदा आमच्या दगडीचं बोरन्हाण आहे. पण बोरं नाहीत. स्ट्रॉबेरी!"

सावर दणाणून गेली. "पहिलं स्ट्रॉबेरीन्हाण! पहिलं स्ट्रॉबेरीन्हाण!" भिकाजीचे कान ताठ झाले. आजवर त्याचं नाव कुणी एवढ्या उंचावरून घेतलं नव्हतं. पोपटांनी त्याच झटक्यात दगडीचं नावही बदलून चेरी केलं. स्ट्रॉबेरीच्या कार्यक्रमात चेरी कुठून आली, ते पोपटांना विचारा.

पण मार्गशीर्ष उजाडला आणि भिकाजीच्या रोपांना फूल काही येईना. दिनकररावानं येऊन पाहणी केली. डब्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, मग बोरीकडं बघितलं.

"सावली," तो म्हणाला.

"कसली?"

"या झाडाची. स्ट्रॉबेरीला सहा तास ऊन लागतं. तुमच्या डब्याला तीन तास मिळतंय. हे झाड काढा."

भिकाजीनं एकदा बोरीखालच्या दगडीकडं बघितलं. ते मला मान्य करायला पाहिजे. त्यानं विचारलं, "डबा हलवला तर?"

"मागं नेला तर वाटेवरून दिसणार नाही. आणि मेढी पक्क्या गाडल्यात. मर्जी तुमची. न्हाण बोरांचंच करायचं असेल तर करा बापडे. बोरं काय, कुणाच्याही डोक्यावर पडतात."

हे शेवटचं वाक्य भिकाजीला लागलं.

ठकूनं ऐकलं तेव्हा ती दगडीला पोटाखाली घेऊन बोरीच्या बुंध्याला चिकटून बसली.

"पोरगी अजून पळायला शिकली नाही," ती म्हणाली. "न्हाण होऊ द्या. मग तोडायची तर तोडा."

"न्हाणालाच तर फळं पाहिजेत! न्हाण झाल्यावर ऊन घेऊन काय करू?"

"आणि घार?"

"घार काय रोज येते?"

"रोज येते. तुम्ही डब्यात बघत असता तेव्हा मी वर बघत असते."

"ठकू, जग कुठं चाललंय आणि तू काट्यांत बसलीस."

"काट्यांत बसले म्हणून तिसरं जगलं," ठकू म्हणाली.

उत्तर नसलं की नवरे जे करतात ते त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी साळिंदराला बोलावून आणलं.

साळिंदर धंदेवाईक गडी. साल आपली, लाकूड तुमचं, एवढाच त्याचा बोलीचा भाग. दोन दिवस तो बुंधा कुरतडत होता. कर्र कर्र कर्र. हिरवी बोरं टपाटप गळत होती. तिसऱ्या दिवशी दिनकररावानं वरून हिसका दिला आणि बोर आडवी झाली. फांद्या तोडून मागच्या बाजूला त्यांचा ढीग घातला. ढीग ओंगळ दिसत होता. "वाळला की पेटवून देऊ," भिकाजी म्हणाला. दगडीला तोंडात धरून ठकू गवतात जाऊन दबून बसली, पहिल्या दोन खेपांना बसली होती तशीच.

गोदाक्का आली. बुंध्याचा वास घेतला. भिकाजीकडं बघितलं.

"दोन येळा तुझी पिल्लं गेली तवा मी रडले होते," ती म्हणाली. "आता न्हाई रडायची. सांगून ठेवते."

ऊन मिळाल्यावर फुलं आली. फुलांमागं फळं आली. खोटं कशाला बोला? हिरवी, मग पांढरी, मग टोकाला लाली. बारा फळं. त्यातली पाच दिनकररावानं पाहणीसाठी खाल्ली. उरलेली सात भिकाजीनं न्हाणासाठी राखली, आणि आणखी लाल होऊ देत, आणखी लाल होऊ देत, म्हणून देठावर इतके दिवस ठेवली की बोट लावलं तर बोट आत जाईल. शेजाऱ्यांनीही आपापली दोन-दोन, चार-चार आणून दिली. तीही तसलीच. हा मान सगळ्यांना हवा होता.

संक्रांत आली. दुपारी सगळं जंगल जमलं. पोपट सावर सोडून मांडवावर येऊन बसले. दगडीला मधोमध बसवलं. आजूबाजूला बोर नव्हती, वर फांदी नव्हती. नुसतं आभाळ, तेही स्वच्छ. पळायचं कुठं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण पोरानं पळावं असं आता कुणालाच वाटत नव्हतं. पोरानं बसावं आणि सगळ्यांना दिसावं.

भिकाजी धोंड्यावर चढला. पळसाच्या पानावरची सगळी फळं त्यानं एकदम तिच्या डोक्यावर ओतली.

टण् झालं नाही. टणाटण झालं नाही. पचक् झालं.

दगडी दचकली नाही. रस डोळ्यांवरून नाकावर आला, नाकावरून ओठांवर आला. तिनं चाटला. गोड लागला. ती जागची हलली नाही, तिथंच बसून वर बघायला लागली, की आता वरून आणखी काय येतं.

"किती गोड!" सगळे म्हणाले. "अजिबात रडली नाही!"

"चेरी रडली नाही! चेरी रडली नाही!"

पांढऱ्या-करड्या पोरीचा लालभडक गोळा झाला होता. ठकूनं तो बघितला आणि मग वर बघितलं.

"दगडे, पळ!"

वरून जे आलं ते दगडीला आणखी एक फळच वाटलं असणार. ती तोंड उघडून वाट बघत होती.

घारीनं तिला उचललं.

सगळं जंगल गवतात शिरलं. शंभर जनावरं आणि एक शेपूट दिसेना. पोपट तर कुठल्या कुठं. दिनकरराव झाडाच्या शेंड्यावर. उघड्यावर तिघंच उरली. ठकू, गोदाक्का आणि धोंड्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला भिकाजी. त्याचे पुढचे पाय वर होते. त्याला वाटलं, दोन हात उंच तर मी आहेच, आणखी थोडं ताणलं तर हाताला लागेल. लागली नाही.

घार मांडवावरून गेली. मागच्या ढिगावर आली. ओली पोर नख्यांतून सरकली, अर्धा कान फाटला आणि दगडी खाली पडली. सरळ वाळक्या बोरीच्या ढिगात. फांद्या लवल्या, तिला झेललं आणि वरून पुन्हा मिटल्या. घार मागं फिरली, झेपावली. आकडीसारखा काटा तिच्या पायात शिरला. ती किंचाळली आणि लंगडत उडत निघून गेली.

हे भिकाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, पोरांनो. हे विसरू नका. त्यानं बघितलं. ढिगात शिरून पोरगी त्यानंच बाहेर काढली. गोदाक्का काटे उपटत होती आणि तो पोरीचं डोकं धरून बसला होता. एक काटा, दोन काटे, एकेका काट्याला दगडी कळवळत होती आणि तो रडत रडत म्हणत होता, "बोरीनं वाचवलं. आक्का, बोरीनं वाचवलं."

"व्हय," गोदाक्का म्हणाली. "तोडलेल्या बोरीनं. आता ध्यानात ठेव."

एव्हाना गवतातून एकेक तोंड बाहेर यायला लागलं होतं. त्यांनी काय बघितलं? घारीनं उचललेली पोर जिवंत आहे आणि लाल आहे. एवढंच.

"निसटली!" शेंड्यावरून दिनकरराव ओरडला. "रसामुळं निसटली! मी बघितलं! घारीची पकड रसानं सुटली!"

"रसामुळं निसटली! रसामुळं निसटली!" पोपट परत आले होते.

निसटली हे खरंच होतं. पण निसटून खडकावर पडली असती तर? हे विचारायला डोकं लागतं, आणि डोकी त्या वेळी एकमेकांना मिठ्या मारत होती.

"स्ट्रॉबेरीनं पोर वाचवलं!" दिनकरराव खाली उतरून म्हणाला. "बोरानं वाचलं असतं का? बोर कोरडं! बोला भिकाजीराव, तुम्ही बाप. तुम्हीच सांगा सगळ्यांना."

भिकाजीराव! पोरांनो, जन्मात त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. भिकाजीच्या पंजात अजून पोरीच्या अंगातला काटा होता. त्यानं तोंड उघडलं. शंभर जनावरं त्याच्याकडं बघत होती. पोपट माना तिरक्या करून बसले होते. ठकूही बघत होती.

"वाचली," भिकाजी म्हणाला. "वाचली हे महत्त्वाचं."

टाळ्या पडल्या. त्याच्या गळ्यात स्ट्रॉबेरीच्या पानांची माळ पडली. ठकूनं दगडीला उचललं आणि ती काट्यांच्या ढिगात शिरली. परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जंगलात लाल पोरांची साथ आली. ज्याच्या घरी पिल्लू त्याच्या घरी रस. भेकरांनी लावला, मुंगसांनी लावला, सशांनी तर दोन-दोन हात दिले. घारीपासून हमखास बचाव! पोरं लाल करायची आणि खुशाल उघड्यावर सोडायची. काट्यांत बसणं हे मागासलेपणाचं लक्षण ठरलं. उरलेल्या दोन बोरी होत्या, त्याही उन्हाला आड येतात म्हणून साळिंदरानं पाडल्या. त्या मात्र लगेच जाळल्या, घाण दिसते म्हणून.

ठकू ढिगातून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "अहो, काट्यांनी वाचली! रसानं नव्हे!" पोपट म्हणाले, बाळंतिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय. गोदाक्कानं दारोदार जाऊन शिव्या घातल्या. पोपट म्हणाले, ती चिखलात लोळते, तिचं काय ऐकायचं? मग दोघींनी नाद सोडला.

आठ दिवसांत सात लाल पोरं गेली. एकही निसटलं नाही.

घार तेवढी खूश होती. "पूर्वी गवतात एकेक शोधायचं म्हणजे दिवसभर मान खाली घालून फिरावं लागायचं," ती म्हणाली. "आता वरूनच दिसतं. कंबरेला फार आराम पडला."

जंगलात थोडी कुजबुज झाली. दिनकररावानं सावरीखाली सगळ्यांना जमवलं. तोंड पाडून तो म्हणाला, "फार वाईट झालं. पण दोष फळाचा नाही. सातही घरांनी रस पातळ केला. भिकाजीरावांचं बघा. एकच पोर, पण कसं वाचलं!"

त्याच संध्याकाळी सुभद्रा आली. सुभद्रा म्हणजे पलीकडच्या माळावरची सशीण. नवरा नव्हता, एकच पोरगा होता, आणि तो तिच्या पाठीला चिकटला होता. भिकाजी धोंड्यावर उभा राहून डब्यात पाणी घालत होता.

"भावोजी," ती म्हणाली, "उद्या आमच्या धोंडूचं न्हाण आहे. ठकूवहिनी म्हणतात काट्यांनी वाचली. गोदाक्काही तेच म्हणते. दिनकरराव म्हणतात रसानं. माझं डोकं चालेना झालंय. तुम्ही बाप आहात. तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तुम्ही सांगाल ते करते. काट्यांत जा म्हणालात तर आत्ता वहिनींकडं ढिगात जाते. जागा आहे तिथं दोघांना."

भिकाजीनं मागं बघितलं. ढिगाच्या आत दोन डोळे चमकत होते. ठकू ऐकत होती. तिच्या पोटाखालून एक फाटका कान बाहेर आला होता.

काटे, एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो जिभेवर आलाही होता. पण मांडवाच्या टोकावर एक पोपट मान तिरकी करून बसला होता. भिकाजीच्या गळ्यात माळ होती. माळ आता वाळली होती, तरी त्यानं काढली नव्हती. तो शब्द बोलला की माळ गेली. राव गेला. मांडवाखाली उरेल तो भिक्या, ज्यानं आपल्या हातानं आपल्या पोरीवरचं छप्पर तोडलं. तेवढं मात्र त्याला सगळ्या जंगलासमोर होता येईना.

त्यानं घसा साफ केला.

"आमचा रस घट्ट होता," तो म्हणाला.

सुभद्राचा जीव भांड्यात पडला. "देवासारखे भेटलात, भावोजी," ती म्हणाली आणि धोंडूला पाठीवर घेऊन टुणटुण उड्या मारत गेली.

ढिगातले डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सुभद्रानं रात्रभर आटवलेला रस धोंडूला फासला. फार घट्ट होता. मधासारखा होता. भर दुपारी घार आली, तेव्हा तिचे पायच धोंडूला चिकटले. सोडवून घ्यायला तिला पार घरट्यापर्यंत जावं लागलं.

भिकाजी धोंड्यावरच होता. त्याला तिथून सगळं दिसलं. उंचावरून फार लांबपर्यंत दिसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावरीवर पोपट जमले. "सुप्रभात! सुप्रभात! सुभद्राच्या दुःखात सगळे सहभागी! सहभागी! भिकाजीरावांकडं आज दोन फळं! खत कोणतं? खत कोणतं?"

तात्पर्य : पोरांनो, रस नेहमी घट्ट लावावा. त्यातूनही पोर गेलंच तर मन लहान करू नये, डबा आणखी हातभर उंच करावा. म्हणजे निदान फळ तरी सुखरूप राहतं.